सरासरीच्या आड

सन 2011 च्या जनगणनेंत आपला ठाणे जिल्हा लोकसंख्येनें देशांत पहिला होता. डोंबिवलीचीं मुलें व मोखाड्याचीं मुलें एकाच सरासरींत मोजलीं गेलीं. पुढें 1 ऑगस्ट 2014 रोजीं पालघर हा निराळा जिल्हा झाला आणि जव्हार-मोखाडा आपल्या आंकड्यांतून गेले. एकाहि मुलास एक अक्षर अधिक आलें नाहीं, तरी उरलेल्या ठाण्याची साक्षरता कागदावर वाढली! मुरबाड-शहापूर मात्र अद्याप आपल्यांतच आहेत. दिवाळीनंतर आईबापांसंगें वीटभट्टीवर जाणारीं कातकरी मुलेंहि.

2005 पासून चाललेली ‘असर’ पाहणी मुलांच्या घरीं जाऊन त्यांस दुसरीचा उतारा वाचावयास देते. ही रीत मला फार आवडते. पटावर नांव असून वाचतां न येणारीं मुलें आम्हां शिक्षकांस नवीं नाहींत. परंतु ती पाहणी खेड्यांपुरती. कल्याणच्या चाळींतील मूल तींत येत नाहीं. तेव्हां शहरांतहि वस्तीवार गणना व्हावी, असें माझें मत आहे.

पालकहो, शाळेकडून उत्पन्नाचा व स्थलांतराचा तक्ता आला, तर तो खरा भरावा. गरिबी चव्हाट्यावर येईल, ही आपली भीति मी जाणतों. नांवें गाळून आंकडे ठेवतां येतात. तशी हमी आपण आम्हांपाशीं अवश्य मागावी.