कुरणे कोणाची?

जमीनधारणेची कमाल मर्यादा उठवून कंपन्यांना हजारो एकर द्यावेत, म्हणजे शेती व पशुपालन किफायतशीर होईल, असे सांगणारे अर्थपंडित ऑस्ट्रेलियाचा दाखला देतात. तेथील ॲना क्रीक हे एकच गुरांचे कुरण सुमारे २३ हजार चौरस किलोमीटरचे. सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे सामावूनही त्यात जागा उरेल!

परंतु ही विशालता मूळ रहिवाशांची भूमी हिरावून निर्माण झाली, हे ते सांगत नाहीत. वेव्ह हिल येथील व्हेस्टी या ब्रिटिश भांडवलदारांच्या कुरणावर गुरिंजी लोक शिधा आणि तुटपुंज्या मजुरीवर राबत. १९६६ साली व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी काम बंद केले व जमीनच परत मागितली. त्यातील काही भाग मिळण्यास १९७५ साल उजाडले.

औंध संस्थानाने १९३९ च्या राज्यघटनेने वेगळा मार्ग धरला. सत्ता ग्रामपंचायतींकडे सोपविली. त्याच संस्थानातील आटपाडीच्या माळावर खिलार जनावरे वाढली, ती कंपनीच्या कुंपणात नव्हे. धनगरांच्या कळपांत आणि शेतकऱ्यांच्या दावणीला. दुष्काळात त्यांना चारा-पाणी मिळत नाही, हे खरे. पण त्यावर उपाय सहकार हा आहे, मक्तेदारी नव्हे.

१९६१ च्या कायद्याने, १९७५ च्या दुरुस्तीनंतर, जिरायतीस घातलेली ५४ एकरांची मर्यादा आणि गावचे गायरान हीच कष्टकऱ्यांची तटबंदी होय. कार्यकर्त्यांनी गायरानांचे सातबारे तपासावेत, ग्रामसभांत ठराव करावेत. गेलेली जमीन परत मिळविण्यापेक्षा असलेली राखणे सोपे असते.