वाढत्या अंगाची स्की

आपल्याकडे मुलांच्या वस्तू घेताना एक वाक्य हमखास ऐकू येते, "जरा वाढत्या अंगाचं दाखवा." गणवेश, स्वेटर, चपला, सायकल, सगळे एक माप मोठे. जून महिन्यात पाचवीच्या वर्गात बाह्या बोटांपर्यंत आलेली मुले मी वर्षानुवर्षे पाहिली. त्यात गैर काही नाही. बेताच्या पगारात एका सदऱ्यावर दोन वर्षे निघत असतील तर ते शहाणपणच. पण काही वस्तूंच्या बाबतीत हे शहाणपण अंगाशी येते. बर्फावरची स्की ही त्यातली एक.

बुलढाण्यात बसून स्कीवर काय लिहिता, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. आमच्याकडे बर्फ पडतो तो गारपिटीचा, आणि तोही हरभरा झोपवायला. पण माझी लेक-जावई कॅनडातल्या कॅलगरीला असतात आणि पंधरा वर्षांच्या नातीला यंदा स्वतःची स्की हवी आहे. तिला वेड दोन गोष्टींचे. एक, उंच पर्वतांच्या मोकळ्या उतारांवरून, जिथे बर्फ मशीनने दाबून सपाट केलेला नसतो, तिथून खाली येणे. याला बिग माउंटन स्कीइंग म्हणतात. दुसरे फ्रीस्टाइल, म्हणजे उंचवट्यांवरून उड्या आणि हवेत गिरक्या. जावईबापूंचा विचार असा, की एकच चांगली लांब-रुंद जोडी घ्यावी. दोन्हीकडे चालेल आणि चार वर्षे पुरेल. महिनाभर फोनवर हाच खल चालू आहे. मला वेळ भरपूर. वाचत गेलो, नातीला विचारत गेलो, आणि माझे मत पक्के झाले.

आमच्या जिल्ह्यात घाटावरची जमीन वेगळी, घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याची भारी काळी जमीन वेगळी. पाऊस झाल्यावर काळ्या रानात लोखंडी धावेचे अरुंद चाक रुतते, तिथे रबरी टायरची बैलगाडी निभावून नेते. बर्फाचेही तसेच. दाबलेल्या कडक बर्फावर मधोमध ७० ते ८० मिलिमीटर रुंदीची स्की चटकन कडेवर उभी राहते आणि वळण धरते. तीच गुडघाभर ताज्या बर्फात बुडते. तिथे १०५ ते ११५ मिलिमीटर रुंदीची, पुढचे टोक लांबूनच वर उचलत नेलेली स्की लागते. शेन मॅकॉन्की या स्कीपटूच्या डोक्यात आले, की खोल बर्फ पाण्यासारखा वागतो, मग स्की पाण्यावरच्या स्कीसारखी का नसावी? त्यातून २००२ साली व्होलांट कंपनीची 'स्पॅट्युला' निघाली. लोक आधी हसले. आज खोल बर्फातल्या बहुतेक स्कींमध्ये त्या कल्पनेचा अंश असतो.

फ्रीस्टाइलची गरज निराळी. तिथे उलटे, पाठीकडून उतरावे लागते, म्हणून स्की दोन्ही टोकांना वळलेली हवी. सालोमन कंपनीची 'टेन-एटी' १९९८ च्या सुमारास आली आणि या खेळाचे रूपच पालटले. २०१४ च्या सोची ऑलिंपिकपासून स्कीइंगचे स्लोपस्टाइल आणि हाफपाइप हे प्रकार पदकांच्या यादीत आहेत. ही स्की हलकी, थोडी आखूड, जरा लवचीक; बूट अडकवायची बाइंडिंग मध्याच्या जवळ बसवलेली. बिग माउंटनची स्की मात्र लांब आणि ताठ, वेगात न थरथरणारी. म्हणजे एकीला जे हवे, तेच दुसरीला नको. ९५ ते १०० मिलिमीटरची मधली स्की मिळते, पण तिच्यातून दोन्ही कामे काढून घ्यायला पाय मुरलेले लागतात.

मग घ्यायची कोणती? माझे उत्तर मास्तरकीतून आले आहे. पोर स्वप्नात कुठे जाते ते विचारू नका, शनिवार-रविवारी कुठे जाते ते विचारा. आमची नात जाते कॅनडा ऑलिंपिक पार्कच्या टेकडीवर, शहरातच. उंच पर्वतावर वर्षातून दोन-तीनदा. म्हणून तिला आज फ्रीस्टाइलची स्की घ्यावी, आजच्या उंचीला बेताची, आणि पर्वतावर जायचे त्या दिवसांपुरती रुंद स्की भाड्याने आणावी. लांब, ताठ, जड स्की नवशिक्याच्या पायात वळत नाही, आणि तीव्र उतारावर न वळणे म्हणजे काय ते सांगायला नको.

बुटाच्या बाबतीत तर मोठे माप मुळीच नको. बुटात टाच हलली की पाय एक सांगतो आणि स्की दुसरेच करते. बाइंडिंगही तशीच. पडल्यावर ती वेळेवर सुटली पाहिजे, नाहीतर गुडघा जातो. ती वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य पाहून जाणकाराकडूनच लावून घ्यावी.

जावईबापूंचा मुद्दा मी मोडीत काढत नाही. या वस्तू महाग आहेत आणि मुलगी वाढते आहे. पण त्याला उपाय आहे: वापरलेली जोडी, किंवा हंगामभर भाड्याने मिळणारी. वाचलेले पैसे बर्फ कोसळण्याच्या धोक्याचे प्रशिक्षण, गाडलेल्याला शोधणारे यंत्र, फावडे आणि शोधकाठी यांवर घालावेत. २०२३ च्या फेब्रुवारीत गुलमर्गला अफरवाटच्या उतारावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले. कडा सुटला की पायातली स्की किती महागाची आहे, हे बर्फ विचारत नाही.

पाचवीच्या मुलाला सातवीचे पुस्तक दिले म्हणून तो दोन वर्षे पुढे जात नाही. बहुतेक वेळा त्याला पाचवीतलेही येईनासे होते. हे मी जावईबापूंना कळवले आहे. निर्णय त्यांचा. नातीला मात्र एवढेच सांगितले, की दुकानात आपली उंची, वजन आणि येते तेवढेच खरे सांग, फुगवून सांगू नकोस.