बत्तिसावा हिस्सा

वाचकहो, सोलापुरातल्या आमच्या दोन खोल्यांत एक हवाई दल नांदते! प्रत्येक नमुना खऱ्या विमानाच्या बत्तिसाव्या हिश्श्याचा. लढाऊ 'हंटर'चा पंखविस्तार सुमारे ३४ फूट; नमुना फूटभर, कपाटात मावतो. पण डिसेंबर १९६१ मध्ये पुण्याहून उडून गोव्याच्या दाबोळी विमानतळावर बाँब टाकणारे 'कॅनबेरा' पडले ६४ फुटी. नमुना दोन फूट! ११० फुटी 'लिबरेटर'चा तर साडेतीन फुटांच्या घरात. एवढ्या बाँबरला साचे महाग, प्लॅस्टिक फार आणि गिऱ्हाईक थोडे; म्हणून कारखानदार कचरतात. मी कॅनबेरा लाकूड तासून केले. सौ. म्हणाल्या, "अहो, एक तर हे राहील, नाही तर माझे शिलाईचे यंत्र!" मुलांची फी त्या यंत्रावरच निघते. तेव्हा कॅनबेरा आढ्याला टांगले आहे. दिवाळीला जरूर या. उंच पाहुण्यांनी मात्र वाकून यावे!