विनामूल्य प्रवेशाचे मूल्य

आंतरराष्ट्रीय वस्तुसंग्रहालय परिषदेने १९७७ साली ठराव केला आणि तेव्हापासून १८ मे हा दिवस जगभर वस्तुसंग्रहालय दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी अनेक संग्रहालये प्रवेशशुल्क माफ करतात. आपल्याकडे २०२२ साली स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त ५ ते १५ ऑगस्ट असे सलग अकरा दिवस भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची सर्व स्मारके विनामूल्य खुली होती. अशी बातमी वर्तमानपत्रात आली की अनेक मध्यमवर्गीय घरांत त्या दिवशी जावे की न जावे, याची चर्चा सुरू होते. प्रश्न वरकरणी किरकोळ आहे. तथापि, सार्वजनिक संपत्तीचा उपभोग कोणी, केव्हा व कोणत्या किमतीस घ्यावा, हा अर्थशास्त्रातील जुना वाद त्यात दडलेला आहे.

प्रथम घरगुती हिशेब पाहू. डोंबिवलीचे एक चौकोनी कुटुंब मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावयाचे ठरविते. लोकलचा प्रवास, स्थानकापासूनची बस वा टॅक्सी, दुपारचे खाणे आणि मुलांच्या हट्टाचे आइस्क्रीम या सर्वांची बेरीज करावी लागते. जाण्यायेण्यात तीनएक तास जातात. आठवड्यातील एकुलती एक सुट्टी खर्ची पडते, म्हणजे त्या सुट्टीत होऊ शकणारी इतर कामे व विश्रांती यांवर पाणी सोडावे लागते. यालाच अर्थशास्त्र संधी खर्च म्हणते. माफ होते ते केवळ तिकीट. बाकीचा खर्च जसाच्या तसा राहतो आणि लांब रांगेमुळे वेळेचा खर्च उलट वाढतो.

असे असूनही ‘फुकट’ या शब्दाची मोहिनी मोठी असते. शॅम्पेनिअर, मेझर व एरिएली या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. त्यांनी एक उंची व एक साधे अशी दोन चॉकलेटे विक्रीस ठेवली. साध्याची किंमत एक सेंट असताना बहुसंख्य ग्राहकांनी उंची चॉकलेट पसंत केले. पुढे दोन्हींची किंमत एकेका सेंटने उतरविली. किमतींतील फरक तोच राहिला, पण साधे चॉकलेट आता फुकट झाले आणि बहुसंख्य ग्राहक तिकडे वळले. किंमत शून्यावर आली की आपण लाभ-हानीची तुलना करणेच सोडून देतो, हा त्याचा अर्थ. विनामूल्य दिवसाच्या रांगेतही या मोहाने आलेली माणसे असणारच.

दुसरा मुद्दा गर्दीचा. संग्रहालयातील मूर्ती एकाने पाहिली म्हणून दुसऱ्यासाठी ती कमी होत नाही. दालन ओस असताना आणखी एक प्रेक्षक आत आला, तर संस्थेचा खर्च जवळजवळ वाढत नाही. शुद्ध तर्काने त्या वेळी शुल्क शून्य असावयास हवे. दालन खचाखच भरले असता मात्र प्रत्येक नवा प्रेक्षक इतरांच्या पाहण्यात अडथळा आणतो आणि शुल्क घेण्यास काही आधार मिळतो. प्रत्यक्षात आपण नेमके उलट करतो. मंगळवारच्या रिकाम्या दुपारी तिकीट आकारतो आणि झुंबड उडण्याच्या दिवशी ते माफ करतो.

लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने हे कोडे एकोणिसाव्या शतकातच बऱ्याच अंशी सोडविले होते. १८५७ साली सुरू झालेल्या या संस्थेत आठवड्यातील तीन दिवस प्रवेश विनामूल्य असे. उरलेले तीन दिवस विद्यार्थ्यांसाठी राखलेले असत आणि इतरांना सहा पेन्स मोजावे लागत. ज्याला शांतता हवी त्याने पैसे द्यावेत, ज्याच्यापाशी पैसे नाहीत त्याने गर्दी सोसावी, असा हा रोकडा व्यवहार होता. शिवाय कामगारांना काम आटोपून येता यावे म्हणून गॅसच्या दिव्यांत संग्रहालय रात्री उघडे ठेवीत. वेळेची अडचण पैशाच्या अडचणीइतकीच खरी असते, हे त्या व्यवस्थापकांनी ओळखले होते.

मग विनामूल्य दिवस निरर्थक म्हणावयाचा काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या घरात महिनाअखेरीस दहा-दहा रुपयांचा हिशेब होतो, तेथे पाच तिकिटे ही क्षुल्लक बाब नव्हे. त्याहून मोठा अडसर संकोचाचा असतो. भव्य घुमट, दारावरचा पहारेकरी आणि आतील शांतता पाहून ‘ही जागा आपल्यासाठी नाही’ असे वाटणारी माणसे आपल्या शहरांत कमी नाहीत. विनामूल्य दिवस त्यांना एक जाहीर आमंत्रण देतो. मात्र एवढ्याने संकोच सरत नाही, हेही खरे. ब्रिटनने डिसेंबर २००१ पासून राष्ट्रीय संग्रहालयांचे शुल्क पूर्णपणे रद्द केले. पूर्वी शुल्क घेणाऱ्या संग्रहालयांतील भेटींची संख्या दहा वर्षांत दुपटीहून अधिक झाली. पण प्रेक्षकांच्या सामाजिक रचनेत त्या प्रमाणात बदल झाला नाही. आधीपासून जाणारेच अधिक वेळा जाऊ लागले, हे त्यामागील एक कारण होते.

यातून प्रत्येकाला आपला निर्णय घेता येईल. तिकीट असतानाही जो गेला असता, त्याने विनामूल्य दिवशी घरी राहावे. आपल्या सोयीच्या एखाद्या दिवशी तिकीट काढून जावे आणि मीरपूर खासच्या भाजक्या मातीच्या बुद्धमूर्तीपुढे हवा तेवढा वेळ उभे राहावे. त्याने टाळलेली गर्दी ही तिकिटाअभावी अडलेल्या माणसाला दिलेली जागा ठरेल. जो कधीच गेलेला नाही, त्याने मात्र अवश्य जावे, दार उघडतानाच जावे आणि सारे संग्रहालय एका दमात संपविण्याचा अट्टाहास न धरता दोनच दालने नीट पाहावीत. घाईने पाहिलेल्या वीस दालनांतून थकवा तेवढा पदरी पडतो आणि थकलेला माणूस पुन्हा फिरकत नाही.

संस्थांनीही विचार करावयास हवा. १८ मे आपल्याकडे भर उन्हाळ्यात येतो. शाळा बंद असतात, वर्गाच्या सहली निघू शकत नाहीत आणि निम्मी बिऱ्हाडे गावी गेलेली असतात. कचेरीची आणि संग्रहालयाची वेळ बहुधा एकच असल्याने नोकरदाराला रविवारखेरीज सवड नसते. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयाने पहिल्या रविवारची जुनी सवलत २०१९ साली बंद केली आणि महिन्यातील एका संध्याकाळी विनामूल्य प्रवेशाची पद्धत सुरू केली. आपल्याकडेही वर्षातील एका गजबजलेल्या दिवसाऐवजी दरमहा एखादी संध्याकाळ खुली ठेवता येईल. त्यासाठी पहारेकऱ्यांचे वाढीव वेतन व विजेचा खर्च लागेल आणि तो सरकारने वा महापालिकेने उचलावा, ही मागणी अवाजवी नाही.

भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ साली जनतेसाठी खुले झाले, ते नाना शंकरशेट व भाऊ दाजी यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने आणि नागरिकांच्या वर्गणीतून. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमविलेले दिवे, अडकित्ते, भांडी व वाद्ये १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केली. या संस्था समाजाच्या पैशातून व एकेकाच्या हयातभराच्या कष्टांतून उभ्या राहिल्या आहेत. त्यांची निगा राखण्यास पैसा लागतो, म्हणून ज्याला परवडते त्याने तो आनंदाने द्यावा. ज्याला परवडत नाही, त्याला वर्षातून एकदा गर्दीत ढकलून दिल्याने समाजाचे कर्तव्य संपत नाही. त्यालाही एखाद्या निवांत संध्याकाळी ती मूर्ती जवळून पाहता आली पाहिजे.