खाकरे भरून झाले, डॉक्टरांना सांगून झालं का?



सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या महिला मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एकच विषय. कुणी दुबईला निघालंय, कुणी युरोपच्या टूरवर, कुणी लेकीच्या बाळंतपणासाठी थेट अमेरिकेला. प्रश्नही ठरलेले. पंधरा दिवसांना खाकरे किती लागतील? ठेपले किती दिवस टिकतात? विमानात आपलं जेवण मिळतं का? (मिळतं. पण निदान 24 तास आधी ‘व्हीजेएमएल’ हा जैन जेवणाचा कोड नोंदवायचा. नुसतं ‘व्हेज’ सांगितलं तर ताटात बटाटा आलाच म्हणून समजा.)

मात्र “मला बीपी आहे, मी काय काळजी घेऊ?” असं कुणी विचारताना मला दिसत नाही. नवऱ्याच्या गोळ्या आपण मोजून भरतो, नातवाचं तापाचं औषध भरतो. स्वतःबद्दल मात्र गप्प. माझं स्पष्ट मत आहे की परदेशात आपल्या बायकांची तब्येत तिथल्या हवापाण्याने जेवढी बिघडते, त्याहून जास्त या गप्प राहण्याने बिघडते.

पाण्याचंच बघा. उकळलेलं पाणी पिण्याची आपली सवय परदेशात किती कामाची! पाणी खळखळून 1 मिनिट उकळलं की पोट बिघडवणारे जंतू मरतात. 2000 मीटरपेक्षा उंच ठिकाणी 3 मिनिटं उकळायचं. एक छोटी किटली जवळ असली की झालं. (थायलंड-बालीकडे बाटलीबंद पाणी पिऊन वर सरबतात बर्फ टाकून घेणाऱ्या सख्यांनो, तो बर्फ कुठल्या पाण्याचा असतो?)

पण अडचण पाणी मिळण्याची नसतेच, आपण ते पीत नाही ही असते. कारण बस थांबवायला सांगायची लाज वाटते. युरोपात स्वच्छतागृहात जायला अर्धा ते एक युरो मोजावा लागतो, तेव्हा मनातल्या मनात रुपयांचा हिशेब सुरू होतो. माझ्या नणंदबाईंनी असे चार दिवस काढले. पाचव्या दिवशी लघवीला जळजळ आणि थंडी वाजून ताप. आपल्याकडे कोपऱ्यावरचा मेडिकलवाला ओळखीवर गोळी देऊन टाकतो. तिथे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळाली नाही. अर्धा दिवस दवाखान्यात गेला आणि जे बिल झालं, त्यात आयुष्यभराचे युरो-युरो निघाले असते. टूर मॅनेजरला “दर दोन तासांनी बस थांबवा” असं सांगायला चारजणींनी मिळून उभं राहिलं तर कुणाचीच मान खाली जात नाही.

आता थोडा नाजूक विषय. चौविहार.

लंडनमध्ये डिसेंबरच्या शेवटी दुपारी चारच्या आतच सूर्यास्त होतो आणि सूर्योदय सकाळी आठच्या सुमारास. त्यावर नवकारसी धरली की जवळजवळ 17 तास पाण्याचा थेंब नाही. पुण्यात त्याच दिवसांत हे अंतर 14 तासांच्या आसपास असतं. म्हणजे नियम तोच, पण शरीरावरचा भार तोच राहिला नाही. धडधाकट बाई निभावून नेईल. पण जिला मुतखड्याचा त्रास आहे, जी बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी घेते, तिचं काय? आणि साखरेच्या काही गोळ्या, ग्लिमेपिराइडसारख्या, घेऊन जेवण लांबलं तर साखर इतकी खाली येते की माणूस चक्कर येऊन पडतो. ही वेळ हॉटेलच्या खोलीत रात्री आली तर कुणाला कळणार?

मी नियम सोडा म्हणत नाहीये. घरून निघण्याआधी महासतीजींना आणि डॉक्टरांना, दोघांनाही, आपलं सगळं खरं सांगा, एवढंच म्हणते. पच्चक्खाणात आगार ठेवलेले आहेत ते काही उगाच नाहीत. त्यातला सव्वसमाहिवत्तियागार तर शरीराची समाधी ढळू लागली तर औषध घेता यावं म्हणूनच आहे. तिथल्या मुक्कामापुरता चौविहाराऐवजी तिविहार घेतला तर रात्री पाण्याची मोकळीक राहते. ज्यांनी हे विचारलं, त्यांना महासतीजींनी रागावल्याचं मी तरी ऐकलं नाही. रागावतात त्या सोबतच्या बायका! “आम्ही तर बाई लंडनमध्येसुद्धा चौविहार केला” हे वाक्य मला पटत नाही. दुसरीच्या तब्येतीवर आपली तपश्चर्या मोजायची नसते.

त्याहून कमी बोललं जाणारं म्हणजे पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या. टूरवर अडचण नको, बरोबर सासूबाई आहेत, वाटेत देरासर आहे, म्हणून लेकी-सुना या गोळ्या मैत्रिणीला विचारून दुकानातून आणतात. नोरेथिस्टेरॉन हे त्यातलं नेहमीचं औषध. रोज तीन गोळ्या अशा मात्रेत घेतल्यावर त्याचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनसारख्या हार्मोनमध्ये बदलतो आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढू शकतो. त्यात लांबचा विमानप्रवास. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 मधल्या अहवालानुसार, चार तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केला की पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. एरवी निरोगी माणसाला तो तरीही कमीच, साधारण 6000 जणांत एकाला. म्हणून घाबरू नका. पण वजन जास्त, घरात कुणाला गुठळी झालेली, त्यात या गोळ्या, त्यात पाणी न पिता नऊ तास खिडकीच्या सीटवर पाय मुडपून बसलेलं, असं सगळं एकत्र आलं की ती कमी शक्यता तुमच्यासाठी कमी राहत नाही.

गोळी घ्यायचीच असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून घ्या आणि विमान किती तासांचं आहे तेही सांगा. सासूबाईंना माझी हात जोडून विनंती आहे की सुनेला आधीच म्हणा, “पाळी आली तर येऊ दे, देरासराच्या वेळी तू बाहेर बाकावर बस, मी तुझ्यासोबत थांबते.” एवढ्या एका वाक्यावर ती गोळी टळते. विमानात मात्र सगळ्यांनीच दर तासा-दोन तासांनी उठायचं, बसल्या बसल्या घोटे फिरवायचे. एकाच पिंडरीवर सूज आली, ती दुखू लागली, किंवा अचानक धाप लागली तर “उतरल्यावर बघू” नाही. लगेच सांगायचं. प्रवासानंतरचे काही आठवडेसुद्धा.

विम्याचा फॉर्म बहुतेक घरांत मुलगा भरतो. शेंगेन व्हिसाला निदान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, तेवढा तो काढतो. ‘आधीचे आजार’ या रकान्यात ‘नाही’ लिहितो, कारण आईने त्याला थायरॉइड सांगितलेला असतो, गेल्या वर्षी छातीत दुखून ईसीजी काढला ते नाही. किंवा हप्ता वाढेल म्हणून दोघं मिळून लपवतात. मग तिकडे खरंच अ‍ॅडमिट व्हायची वेळ आली की कंपनी जुने कागद मागते आणि दावा नाकारू शकते. हप्त्यात वाचलेल्या पैशांत काय येतं? दोन किलो बदाम!

औषधं मूळ पाकिटातच न्या, मुखवासाच्या डबीत सुटी करून नाही. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, आपल्या कंपन्यांची नावं तिकडे कुणाला कळत नाहीत. अमेरिकेत तर पॅरासिटामॉललाही असिटामिनोफेन म्हणतात. गरजेपेक्षा आठवडाभराची जास्त न्या, कारण तिकडे घाईत घेतलेल्या कॅप्सूलचं कवच बहुधा प्राणिज जिलेटिनचं निघतं. इन्सुलिन हातातल्या बॅगेत. सामानाच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकतं. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन जास्त असतं त्या जपानमध्ये चालत नाहीत, आणि कोडीनचं खोकल्याचं औषध परवानगीशिवाय दुबईला नेऊ नका. दुबईला जाताना डिंकाच्या लाडवांत खसखसही घालू नका, तिथे तिच्यावर बंदी आहे. आफ्रिकेत केनियाकडे सफारीला जाणाऱ्यांनी पिवळ्या तापाची लस निदान 10 दिवस आधी घ्यावी. दाखला त्याआधी लागू होत नाही, आणि तो नसेल तर परतल्यावर मुंबईच्या विमानतळावर अडवून 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात.

आणि एक कागद. आपले आजार, चालू औषधं, कशाची अ‍ॅलर्जी आहे, रक्तगट, विम्याचा नंबर, घरचा फोन. इंग्रजीत, मोठ्या अक्षरात, पासपोर्टच्या आत. नातवाकडून लिहून घेतला तरी चालेल. फक्त तो विचारेल, “आजी, तुला हे सगळं आहे?” तेव्हा “काही नाही रे” म्हणू नका.