विश्लेषण : हाडाची पोकळी भरणारी ‘चुंबकीय काच’ अजून प्रयोगशाळेतच का?

हाडातील कर्करोगाची गाठ काढल्यावर डॉक्टरांपुढे दोन प्रश्न उरतात. काढलेल्या हाडाची जागा कशाने भरायची आणि तिथे राहून गेलेल्या कर्करोगाच्या पेशींचे काय करायचे? या दोन्हींवर एकच उपाय म्हणून संशोधक चुंबकीय, सच्छिद्र जैवसक्रिय काचेकडे पाहत आहेत. ही काच नेमकी काय आहे?

जैवसक्रिय काच म्हणजे काय?

अमेरिकी संशोधक लॅरी हेंच यांना १९६७ मध्ये बसप्रवासात व्हिएतनामहून परतलेला एक लष्करी अधिकारी भेटला. शरीर नाकारणार नाही असा पदार्थ जखमी सैनिकांसाठी बनवता येईल का, असे त्याने विचारले. त्यातूनच फ्लोरिडा विद्यापीठात १९६९ मध्ये ‘४५एस५’ ही काच तयार झाली. खिडकीच्या काचेत सुमारे ७० टक्के सिलिका असते, या काचेत ४५ टक्केच. बाकी सोडियम, कॅल्शियम आणि फॉस्फरसची ऑक्साइडे. म्हणूनच ही काच शरीरात हळूहळू विरघळते.

ती हाडाला कशी जोडली जाते?

शरीरातील द्रवाशी संपर्क आला की काचेतून सोडियम आणि कॅल्शियमचे आयन बाहेर पडतात. पृष्ठभागावर आधी सिलिकाचा जेलसारखा थर तयार होतो, मग त्यावर हाडातील खनिजाशी मिळतेजुळते ॲपेटाइट साचते. हाडाच्या पेशी त्याला धरून वाढतात. मधल्या कानातील हाडे, हिरड्यांखालचे झिजलेले हाड आणि दात शिवशिवण्यावरच्या काही टूथपेस्ट यांत ही काच वापरली गेली आहे.

छिद्रे आणि चुंबक कशासाठी?

नवे हाड आणि रक्तवाहिन्या आत शिरायच्या तर किमान १०० मायक्रोमीटरची, म्हणजे साधारण केसाच्या जाडीची, एकमेकांना जोडलेली छिद्रे लागतात. २ ते ५० नॅनोमीटरच्या अतिसूक्ष्म छिद्रांत औषधही भरता येते.

चुंबकीय गुण येतो लोह ऑक्साइडमुळे. बाहेरून सतत दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र लावले की लोह ऑक्साइड तापते. ४२ ते ४६ अंश सेल्सिअस तापमानात कर्करोगाच्या पेशी कमकुवत होतात किंवा मरतात. क्षेत्र बंद केले की तापणेही थांबते. याच तत्त्वावर, पण काचेशिवाय, लोह ऑक्साइडच्या सूक्ष्म कणांनी मेंदूतील ट्यूमरवर उपचार करण्यास युरोपात २०१० मध्ये मान्यता मिळाली होती.

मग अडचण कुठे आहे?

एक गुण वाढवला की दुसरा कमी होतो. लोह वाढवले तर काच जास्त तापते, पण तिच्यावर ॲपेटाइट साचण्याचा वेग मंदावतो. छिद्रे वाढवली तर हाड आत वाढते, पण मुळात ठिसूळ असलेली काच आणखी कमजोर होते. त्यामुळे मांडीच्या हाडासारख्या शरीराचा भार पेलणाऱ्या जागी तिचा एकटीचा आधार पुरेसा नाही. तापमान कमी राहिले तर गाठीच्या पेशी वाचतात, जास्त झाले तर निरोगी पेशी जळतात. शिवाय लोहामुळे त्या भागाचे एमआरआय चित्र बिघडते, मग गाठ परत आली का, हे तपासणे कठीण होते.

रुग्णांसाठी याचा अर्थ काय?

साधी जैवसक्रिय काच वापरात असली, तरी तिच्या चुंबकीय रूपावरचे बहुतांश काम पेशी आणि प्राण्यांवरील प्रयोगांपुरतेच आहे. भारतात वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार उपकरणांचे जोखमीप्रमाणे ए ते डी असे चार वर्ग आहेत आणि जोखीम जितकी जास्त तितकी तपासणी कडक. शरीरात विरघळणारे, शिवाय औषध सोडणारे आणि तापणारे रोपण सुरक्षित असल्याचे माणसांवरील चाचण्यांतूनच सिद्ध करावे लागेल. तोवर किशोरवयीन मुलांमध्ये आढळणाऱ्या ऑस्टिओसार्कोमासारख्या कर्करोगावर केमोथेरपी आणि शस्त्रक्रिया हेच प्रस्थापित उपचार आहेत. चुंबकीय काचेच्या आशेवर ते लांबवणे धोक्याचे ठरेल.