तरंगत आलेले आणि तोडून आणलेले

दासोपंत शिकवताना दत्तमूर्तीचे वर्णन ओघानेच येते. माला, कमंडलू, डमरू, त्रिशूळ, शंख, चक्र ही यादी आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत. दासोपंतांची समाधी आणि पासोडी अंबाजोगाईतच असल्यामुळे बीड जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना हा विषय परका नसतो. तरीही एका विद्यार्थिनीने 'कमंडलू कशाचा करतात?' असे विचारले, तेव्हा विभागातील आम्हा दोघांनाही पितळ, लाकूड आणि कडू भोपळा यांपलीकडे काही सांगता आले नाही. चौथे उत्तर तिनेच दिले. त्यांच्या घरी पणजोबांच्या वेळचा एक काळा, होडीच्या आकाराचा कटोरा आहे आणि घरातले त्याला 'दर्याचा नारळ' म्हणतात.

त्या उत्तराचा माग काढताना जे हाती लागले, ते मराठीच्या शिक्षकांनी विचारात घ्यावे असे आम्हांला वाटते.

दर्याचा नारळ, अर्थात दर्याई नारळ, हे वनस्पतिसृष्टीतील सर्वांत मोठे बी होय. त्याचे वजन वीस-पंचवीस किलोपर्यंत भरते. गोसाव्यांचे कमंडलू आणि फकिरांचे कश्कोल त्याच्या करवंटीचे होत. एकाच फळाच्या दोन शकलांपैकी एक मठात आणि दुसरे दर्ग्यात जावे, ही गोष्ट मराठवाड्याच्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. हे फळ मालदीव बेटांच्या किनाऱ्यावर वाहत येई आणि तेथून व्यापाऱ्यांच्या हाती लागे. झाड कोणीच पाहिलेले नव्हते. ते समुद्राच्या तळाशी उगवते, अशी समजूत होती. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी जाणे-येणे असलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात या नारळाची आणि विषावरील उतारा म्हणून असलेल्या त्याच्या ख्यातीची चर्चा केली आहे.

१७६८ मध्ये फ्रेंच दर्यावर्दींना सेशेल्समधील प्रालँ बेटावर हे माड सापडले आणि गूढ उकलले. पाठोपाठ जहाजे भरभरून नारळ हिंदुस्थानच्या बाजारात आले आणि त्यांचे भाव कोसळले. जगात हा माड निसर्गतः प्रालँ आणि क्युरियूज या दोनच बेटांवर आहे.

येथे एक वनस्पतिशास्त्रीय तपशील आहे आणि आमच्या मते या विषयाचे सारे मर्म त्यात आहे. दर्याई नारळाचे जिवंत बी तरंगत नाही. ते इतके जड असते की पाण्यात टाकताच बुडते. आतला गर कुजून पोकळ झालेले, म्हणजे मेलेले बीच तेवढे लाटांवर वाहत जाते. शतकानुशतके मालदीवच्या किनाऱ्याला लागलेले नारळ असे निर्जीव होते. त्यांतून झाड उगवणार नव्हते. जंगलाला त्यांची गरज उरली नव्हती. संन्याशाने असे पात्र हाती घेणे म्हणजे अयाचित वृत्तीचे मूर्त रूपच होते. जे आपोआप आले, ज्याच्यावाचून कोणाचे अडले नाही, ते त्याने उचलले.

आज जे फळ चोरीला जाते, त्याची गोष्ट नेमकी उलटी आहे. ते झाडावरून तोडलेले किंवा झाडाखालून उचललेले, जिवंत बी असते. या माडात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. फळ पिकायला सहा-सात वर्षे लागतात. मादी झाड फळावर यायला कित्येक दशके जाऊ शकतात. हावड्याच्या वनस्पती उद्यानात १८९४ मध्ये लावलेल्या माडाला फुलोरा यायला जवळपास एक शतक जावे लागले. बी वाहून दूर रुजू शकत नसल्यामुळे नवे रोप आईच्या सावलीतच उगवते. झाडाखालची फळे नेली की त्या जागी पुढची पिढी उरत नाही. उभे झाड शाबूत दिसते, म्हणून हानी दिसत नाही, इतकेच.

चोरी होते ती मुख्यतः गरासाठी. तो वाळवून, त्याची पूड करून परदेशी पाठवतात. फळाच्या स्त्रीदेहासारख्या आकारावरून पौरुषवर्धनाची समजूत उपजली आणि समजुतीमागे बाजार आला. सेशेल्सने १९७८ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदा केला. व्हॅले द मे या अवघ्या साडेएकोणीस हेक्टरांच्या जंगलाला १९८३ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. २०१० पासून हा माड वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात आहे. नोंद आणि प्रमाणपत्र असलेले फळ कायदेशीरपणे विकत घेता येते. तरीही चोरी थांबलेली नाही. कारण कायदा बेटावर आहे आणि गिऱ्हाईक बेटाबाहेर.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्याने सात समुद्रांपलीकडच्या माडाची चिंता का वाहावी? आमचे उत्तर एवढेच की, चोरी काय असते हे आपल्याला ठाऊक आहे. बालाघाटच्या डोंगरातून चंदनाची झाडे रातोरात तोडून नेली जातात, तेव्हा त्यांचा ग्राहक इथला नसतो आणि त्याने डोंगर पाहिलेलाही नसतो. तिथे आपण लुटले जाणारे आहोत. दर्याई नारळाची पूड न विचारता विकत घेतो, तेव्हा आपण तो न दिसणारा ग्राहक होतो.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. आम्ही कोणाच्या देवघरातील कटोऱ्यावर बोट ठेवत नाही. पिढीजात पात्र जपावे, त्यातून पाणी प्यावे, त्याची गोष्ट मुलांना सांगावी. आमचे म्हणणे नव्या खरेदीपुरते आहे. वैराग्याचे चिन्ह मिळवण्यासाठी एखाद्या जंगलाची पुढची पिढी खुडावी लागत असेल, तर ते चिन्ह कशाचे उरले, हा प्रश्न श्रद्धावंतानेच स्वतःला विचारायचा आहे. पितळ आहे, लाकूड आहे, आपल्या परसातला कडू भोपळा तर आहेच. दत्तसंप्रदायाला यांपैकी कशाचेच वावडे नव्हते.

आम्हां शिक्षकांकडेही काही दोष येतो. संतसाहित्यातील वस्तू आम्ही प्रतीके म्हणून शिकवतो. कमंडलू म्हणजे वैराग्य, झोळी म्हणजे भिक्षावृत्ती, असे समीकरण लिहून दिले की प्रश्नोत्तर पुरे होते. पण प्रतीक होण्याआधी ती वस्तू असते. ती कुठल्या तरी झाडाची असते आणि ते झाड कुठल्या तरी मातीत उभे असते. वस्तूचा पत्ता हरवला की प्रतीकही पोकळ होते आणि पोकळ प्रतीक बाजारात कुठल्याही वेष्टनात विकता येते.

यंदापासून दासोपंतांच्या तासाला आम्ही त्या विद्यार्थिनीचा प्रश्न आधी घेतो. तिने घरचा कटोरा एकदा वर्गात आणला होता. तो हातोहात फिरला. आत बोट फिरवले की मागच्या पिढ्यांच्या हातांनी आलेला गुळगुळीतपणा कळतो. तो कोणत्या वाटेने इथवर आला, हे त्या घरातही कोणाला ठाऊक नाही. यापुढे जो घेईल, त्याने मात्र ते विचारूनच घ्यावे.